गोतसभा

मराठा काळात वतन, हद्द, वारसा व मानपान यांविषयीचे तंटे निवडणारी स्थानिक न्यायसभा. ग्रामव्यवस्था व वंशपरंपरागत हक्क यांच्या आधारे ती विकसित झाली [→ वतनसंस्था]. गावच्या सभेत पाटील, कुळकर्णी, मिरासदार व बलुतेदार बसत. परगण्याच्या सभेत देशमुख-देशपांडेही असत.

प्रारंभी वादी-प्रतिवादींकडून निवाडा मान्य करण्याचा राजीनामा व जामीन घेत. निर्णय कागदपत्रे, भोगवटा व साक्ष यांवर होई. साक्षीदाराला देवळात किंवा नदीकाठी, बेचाळीस पूर्वजांचे स्मरण देऊन खरे सांगण्यास बजावत. पुरावा अपुरा पडल्यास दिव्य करवीत. रवा-दिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढावा लागे [→ दिव्य]. निकालाच्या महजरावर (निवाडापत्रावर) सभासद साक्ष म्हणून आपापल्या व्यवसायाची निशाणी घालत. शेतकऱ्याची निशाणी नांगर असे. जिंकणाऱ्याकडून हरकी (नजराणा), हरणाऱ्याकडून गुन्हेगारी (दंड) वसूल होई.

या पद्धतीत न्याय्यतेची कसोटी लिखित कायद्यापेक्षा समूहाची स्मृती, शपथ व रूढी यांवर अवलंबून होती. परंपरेने चालत आलेला हक्क राखणे हा निवाड्याचा मुख्य हेतू असे. मानाचा क्रम जातिश्रेणीनुसार ठरे [→ जातिसंस्था]. मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेनंतर दिवाणी न्यायदान प्रामुख्याने सरकारी न्यायालयांकडे गेले [→ पंचायत].