नारिंगी ठिपका

जून २०१०. इंग्लंडातल्या ब्लेचली पार्कला जुन्या संगणकांचा मेळा भरलाय आणि तुम्ही गर्दीतून वाट काढताय. टेबलांवर सिंक्लेअर स्पेक्ट्रम, बीबीसी मायक्रो. कुठेतरी कॅसेटवरून गेम लोड होतोय, त्याचा कर्कश आवाज. इथे रेंगाळू नका, या यंत्रांना हौशी माणसं पुष्कळ लाभली आहेत. पुढे चला.

तिथे लोखंडी चौकटी उभ्या आहेत. सगळं मिळून वजन अडीच टन. स्वयंसेवक एकेक भाग उतरवून, पुसून पुन्हा बसवताहेत. यंत्र बंद आहे. डोळे मिटा.

१९५१. हार्वेलचं अणुसंशोधन केंद्र. चौकटी त्याच, पण आता त्यांच्यात शेकडो नारिंगी ठिपके फिरताहेत. हे डेकाट्रॉन. वायू भरलेल्या काचेच्या नळीत गोलाकार दहा जागा, आणि ठिपका ज्या जागी थांबेल तो आकडा. अशा ८२८ नळ्या. यंत्राने काय लक्षात ठेवलंय ते तुम्ही नुसत्या डोळ्यांनी वाचू शकता. आजच्या कुठल्याही संगणकाने मला हे सुख दिलेलं नाही.

कागदी पट्टीवरच्या भोकांतून आज्ञा आत जातात, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असतात तसले रिले खटखटतात. एका गुणाकाराला पाच ते दहा सेकंद! शेजारी एक गणिती टेबलावरचं गणनयंत्र घेऊन शर्यतीला बसलाय. अर्धा तास तो बरोबरीने टिकतो, मग दमून उठतो. यंत्र चालूच. त्याचं मोठेपण वेगात नव्हतंच. रात्रभर, सुट्टीभर, कुणी जवळ नसतानाही ते न चुकता आकडेमोड करत राही.

१९५७. आता तुम्ही वुल्व्हरहॅम्प्टनच्या तांत्रिक महाविद्यालयात आहात. यंत्राला नवं नाव मिळालंय, ‘विच’. विद्यार्थी त्यावर प्रोग्रॅमिंग शिकतात, तेही थेट १९७३ पर्यंत. मग ते बर्मिंगहॅमच्या विज्ञान संग्रहालयात जातं. तिथे एक पोरगा त्याच्यासमोर खिळून उभा आहे. त्याचा चेहरा नीट पाहून ठेवा.

१९९७. संग्रहालय बंद. यंत्राचे भाग सुटे होऊन गोदामात जातात. अंधार. वर्षामागून वर्षं कुणी फिरकत नाही.

आणि मग एका फोटोत, गोदामातल्या सामानाच्या गर्दीत, कुणाला तरी त्याचा नियंत्रण-फलक दिसतो. पाहणारा ते यंत्र तत्क्षणी ओळखतो. तो केव्हिन मरेल, ब्लेचलीच्या संगणक संग्रहालयाचा विश्वस्त. बर्मिंगहॅमला उभा होता तोच पोरगा. त्या वयात त्याने हे यंत्र पाहिलं नसतं, तर त्या फोटोत त्याला निव्वळ अडगळ दिसली असती. जुनी यंत्रं मुलांच्या नजरेसमोर ठेवायची ती एवढ्यासाठी. मेळे भरवायचे तेही एवढ्यासाठीच.

आता शेवटची उडी. २० नोव्हेंबर २०१२, पुन्हा ब्लेचली. हार्वेलला हे यंत्र घडवणाऱ्यांपैकी दोघे समोर बसलेत. खटका दाबला जातो, रिले खटखटतात, ठिपके उजळतात आणि सरकू लागतात. चालू स्थितीतला, जगातला सर्वांत जुना मूळ डिजिटल संगणक पुन्हा मोजू लागलाय.

कधी तिथे गेलात, तर बरोबर एखादं लहान मूल न्या. त्याला एका नळीसमोर उभं करा आणि ठिपका कुठे थांबलाय ते त्यालाच वाचू द्या.