देवभात

देवभात म्हणजे नांगरणी किंवा पेरणी न करता तळी, ओढे आणि पाणथळ जागांच्या काठी आपोआप उगवणाऱ्या भातवर्गीय गवतांचे धान्य होय. हे धान्य सडून शिजवलेल्या अन्नालाही देवभात असेच म्हणतात. संस्कृत वाङ्मयात रानभातासाठी ‘नीवार’ हा शब्द येतो. हिंदी भाषक प्रदेशात त्याला ‘तिन्नी’ किंवा ‘पसही’ म्हणतात. महाराष्ट्रात देवभाताचा संबंध प्रामुख्याने ऋषिपंचमीच्या व्रताशी आहे, कारण त्या दिवशी बैलाच्या श्रमाने पिकलेले अन्न वर्ज्य मानले जाते. रानभाताच्या दाण्यावरील कोंड्याचा थर शाबूत असल्याने तो पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा सावकाश शिजतो. म्हणून तो भिजवून मंद आचेवर, किंवा अलीकडे स्लो कुकरमध्ये, शिजवला जातो.

नाव आणि ओळख

मराठीत ‘भात’ हा शब्द शेतातील पीक, सालीसकट दाणा आणि शिजवलेले अन्न या तिन्ही अर्थांनी वापरला जातो. साल काढलेल्या दाण्याला ‘तांदूळ’ म्हणतात. ‘देवभात’ या नावाचा वापरही असाच सैल आहे. ते एकाहून अधिक वनस्पतींना लावले जाते. बाजारात ‘वाइल्ड राइस’ या नावाने मिळणारे धान्य तर वेगळ्याच प्रजातीचे असते. शिजवण्याची पद्धत दाण्यावर अवलंबून असल्याने हा फरक ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

ओरायझा रुफिपोगॉन ही बहुवर्षायू वनस्पती उथळ साचलेल्या पाण्यात वाढते. आशियातील लागवडीच्या भाताची (ओरायझा सॅटिव्हा) ती पूर्वज मानली जाते. ओरायझा निवारा ही तिची निकटची, एका हंगामात जीवनक्रम पूर्ण करणारी आप्त वनस्पती असून पावसाळ्यात भरणाऱ्या आणि पुढे आटणाऱ्या डबक्यांच्या काठी ती आढळते. तिच्या शास्त्रीय नावात संस्कृत ‘नीवार’ शब्द कायम राहिला आहे. हायग्रोरायझा ॲरिस्टॅटा हे पाण्यावर तरंगणारे गवत आहे. त्याच्या पानांचे आवरण फुगीर व स्पंजासारखे असते आणि त्यामुळे ते पाण्यावर तरते. त्याचे दाणेही खाल्ले जातात आणि मराठीत त्यालाही देवभात म्हणतात.

उत्तर अमेरिकेतील ‘वाइल्ड राइस’ हे झिझानिया प्रजातीतील गवताचे लांब, काळपट धान्य आहे. ते भाताच्या प्रजातीतील नाही. दोन्ही एकाच तृणकुलातील असली तरी वेगळी आहेत. ग्रेट लेक्स परिसरातील ओजिब्वे लोक त्याला ‘मनूमिन’ म्हणतात आणि ते त्यांचे पवित्र अन्न आहे. याच प्रजातीतील झिझानिया लॅटिफोलिया ही वनस्पती मणिपूरमध्ये वाढते. तेथे तिचे दाणे नव्हे, तर काणी बुरशीमुळे फुगलेले कोवळे खोड भाजी म्हणून खातात.

ऋषिपंचमीला सर्रास वापरली जाणारी वरी (वरई) हे देवभाताहून निराळे, बारीक भरडधान्य आहे. देवभात सहज मिळत नसल्याने अनेक घरांत त्याच्या जागी वरीचा भात करतात.

दाण्याचे स्वरूप आणि वेचणी

रानभाताच्या लोंबीला लांब, खरखरीत कुसळे असतात. दाणे एकाच वेळी पिकत नाहीत, आणि पिकलेला दाणा लगेच गळून पडतो. वनस्पतीच्या प्रसारासाठी हा गुण उपयुक्त आहे. वेचणाऱ्यासाठी मात्र अडचणीचा आहे. माणसाने हजारो वर्षे न गळणाऱ्या लोंब्यांचे बियाणे राखले आणि त्यातून लागवडीचा भात घडला. रानभाताच्या तांदळावरील कोंडा बहुधा तांबूस असतो.

दाणे गळून वाया जाऊ नयेत म्हणून लोंब्या पूर्ण वाळण्याआधी पाण्यात उतरून त्या टोपलीवर झोडपल्या जातात. उभ्या लोंब्यांच्या जुड्या बांधून ठेवण्याची रीतही आहे. ओजिब्वे लोकांची पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. दोघेजण होडीतून जातात. एकजण होडी ढकलतो आणि दुसरा दोन हलक्या काठ्यांनी लोंब्या वाकवून दाणे होडीत पाडतो. काही दाणे पाण्यात पडतात आणि त्यातून पुढील वर्षीचे पीक उगवते.

वाङ्मय आणि परंपरा

प्राचीन वाङ्मयात नीवार हे मुनींचे अन्न आहे. कालिदासाच्या अभिज्ञानशाकुंतलात आश्रम जवळ आल्याची एक खूण म्हणजे पोपटांच्या ढोलीतून झाडाखाली सांडलेले नीवाराचे दाणे होत. त्याच नाटकात राजाने तपस्व्यांकडून नीवाराचा सहावा भाग कर म्हणून मागावा, अशी विनोदी सूचना विदूषक करतो. नारायणसूक्तात सूक्ष्मतेसाठी नीवाराच्या कुसळाची उपमा आली आहे. चरकसंहितेतील धान्यांच्या वर्णनातही नीवाराचा उल्लेख आहे.

ऋषिपंचमी भाद्रपद शुद्ध पंचमीस, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते. या दिवशी कश्यप, अत्रि, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी व वसिष्ठ हे सप्तर्षी आणि अरुंधती यांचे पूजन केले जाते. व्रतकथेत हे व्रत मासिक पाळीच्या काळातील स्पर्शदोषाच्या निवारणाशी जोडलेले आहे. आधुनिक काळात या कल्पनेवर टीकाही झाली आहे. व्रताच्या आहारनियमात नांगरलेल्या जमिनीतील धान्य टाळून परसातील भाज्या, कंद आणि आपोआप उगवलेले धान्य खाल्ले जाते. अळू, माठ, भेंडी, लाल भोपळा, सुरण, पडवळ, मक्याचे कणीस इत्यादी एकत्र शिजवून केलेली ‘ऋषीची भाजी’ हा त्या दिवसाचा मुख्य पदार्थ असतो. देवभात किंवा वरीचा भात तिच्यासोबत वाढतात.

याच नियमामुळे कोल्हापूर जिल्ह्यातील नावाजलेला आजरा घनसाळ तांदूळ या व्रतात बसत नाही. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला हा सुवासिक तांदूळ शेतात पिकवला जातो. व्रतात तांदळाच्या गुणवत्तेपेक्षा तो कसा उगवला याला महत्त्व असते.

पूर्वतयारी

देवभात साठवायचा असल्यास सालीसकट, चांगला वाळवून ठेवतात. साल काढल्यावर कोंड्यातील तेलामुळे दाणा लवकर खवट होतो. उखळात मुसळाने हलक्या हाताने सडून आणि सुपाने पाखडून साल व कुसळे काढली जातात. कुसळाचे तुकडे घशात टोचत असल्याने तांदूळ दोनदा पाखडून, निवडून घेणे आवश्यक असते. त्यानंतर तीन-चार पाण्यांनी धुऊन तो चार ते सहा तास भिजवतात.

कोंड्याचा थर पाणी आत जाण्यास अडथळा करतो. दाण्यातील पिष्ट साधारणतः ६५ ते ७५ अंश सेल्सियस तापमानाला पाणी शोषून फुगते, परंतु त्यासाठी पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचावे लागते. मोठ्या आचेवर पाणी आधी आटते आणि दाणा मध्यभागी कच्चा राहतो. भिजवणे आणि मंद आच या दोन्हींमुळे पाण्याला आत शिरण्यास पुरेसा अवधी मिळतो.

मंद आचेवर शिजवणे

चुलीवर जाड बुडाच्या पातेल्यात एक वाटी भिजवलेल्या देवभाताला सुमारे अडीच वाट्या पाणी घेतात. पाण्याला उकळी आली की तांदूळ व मीठ घालून पुन्हा उकळी आणतात. नंतर जाळ ओढून घेऊन पातेले निखाऱ्यांवर ठेवतात आणि झाकणावरही थोडे निखारे घालतात. गॅसवर याच पद्धतीने अगदी बारीक आचेवर ३५ ते ४५ मिनिटे लागतात. आच बंद केल्यावर दहा मिनिटे झाकण न काढता भात मुरू देतात. भात शिजल्यावर दाणा बोटांत सहज दबतो, मात्र कोंड्यामुळे किंचित चिवट राहतो.

स्लो कुकर हे विजेवर चालणारे, जाड मातीच्या किंवा सिरॅमिकच्या भांड्याचे उपकरण आहे. अमेरिकेत ते १९७० च्या दशकात ‘क्रॉक-पॉट’ या नावाने घरोघरी पोहोचले. भारतात याआधीच, १९१० च्या सुमारास, डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी कोळशाच्या सौम्य आचेवर वाफेने अन्न शिजवणारा इकमिक कुकर तयार केला होता. सावकाश शिजवण्याचे तत्त्व दोन्हींत सारखेच आहे.

स्लो कुकरमध्ये देवभात करताना भांड्याला आतून तूप लावून एक वाटी भिजवलेले तांदूळ, सव्वादोन ते अडीच वाट्या उकळते पाणी आणि मीठ घालतात. थंड पाणी घातल्यास भांडे तापण्यातच बराच वेळ जातो. ‘हाय’ स्थितीवर साधारणतः दीड ते अडीच तासांत भात होतो. झाकण उघडल्यास वाफ व उष्णता निघून जाते, म्हणून पहिला दीड तास ते उघडू नये. ‘लो’ स्थितीवर दीर्घकाळ ठेवल्यास बाहेरील थर फुटून भात चिकट होतो. उपकरणांच्या आकारानुसार वेळ बदलतो. म्हणून घड्याळापेक्षा दाण्याची परीक्षा अधिक विश्वसनीय ठरते.

परदेशातील मराठी घरांत मिळणारा काळा वाइल्ड राइस अधिक कठीण असतो. त्याला एका वाटीस तीन ते साडेतीन वाट्या पाणी आणि ‘हाय’ स्थितीवर अडीच ते साडेतीन तास लागतात. दाणे लांबीत उकलून आतील पांढरा गर दिसू लागला की तो शिजला असे समजतात. उरलेले पाणी निथळून टाकतात. वरी मात्र दहा-पंधरा मिनिटांत शिजत असल्याने स्लो कुकरसाठी योग्य नाही.

उत्तर अमेरिकी जेवणात वाइल्ड राइस हा भाजलेल्या मांसाच्या किंवा भाज्यांच्या जोडीला वाढला जाणारा पदार्थ आहे. मराठी ताटात भात स्वतः मुख्य अन्न असतो आणि भाज्या, कोशिंबिरी व चटण्या त्याच्या तोंडीलावण्याचे काम करतात. त्यामुळे देवभातात मसाला घालत नाहीत. तो दही, आमसुलाचे सार किंवा ऋषीच्या भाजीबरोबर खातात.

पोषण आणि सुरक्षितता

कोंडा न काढल्याने देवभातात पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा तंतुमय पदार्थ आणि ब गटातील जीवनसत्त्वे अधिक टिकतात. शिजवलेल्या १०० ग्रॅम झिझानियात सुमारे १०० किलोकॅलरी ऊर्जा आणि ४ ग्रॅम प्रथिने असतात.

बॅसिलस सिरियस या जीवाणूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहू शकतात आणि कोमट भातात वाढून विषारी द्रव्य तयार करतात. पुन्हा गरम केल्याने ते द्रव्य नेहमीच नष्ट होत नाही. त्यामुळे शिजलेला भात ६० अंश सेल्सियसच्या वर गरम ठेवावा, अथवा पसरून लवकर थंड करून शीतकपाटात ठेवावा. शिजत असताना वीज गेल्यास भांडे तसेच न ठेवता भात गॅसवर पूर्ण शिजवावा. किती वेळ वीज नव्हती हे माहीत नसल्यास तो टाकून देणे योग्य. अमेरिकेतून आणलेले १२० व्होल्टचे उपकरण भारतातील २३० व्होल्टच्या विजेवर थेट लावणे धोक्याचे आहे.

जनुकीय महत्त्व

रानभाताचे महत्त्व व्रतापुरते मर्यादित नाही. १९७० च्या दशकात आशियातील भातशेतीवर तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या ग्रासी स्टंट विषाणूचा मोठा प्रादुर्भाव झाला. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक वाण तपासले. त्यांपैकी उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ओरायझा निवाराच्या एकाच नमुन्यात उपयुक्त प्रतिकारशक्ती आढळली. गुरदेव खुश आणि सहकाऱ्यांनी ती लागवडीच्या भातात आणली. १९७४ साली असे प्रतिकारक्षम वाण प्रसारित झाले. चीनमध्ये १९७० साली हायनान बेटावर सापडलेल्या नर-वंध्य रानभाताच्या रोपावरून युआन लाँगपिंग यांच्या गटाने संकरित भाताचा पाया घातला.

अधिवास आणि संवर्धन

रानभाताला सर्वांत मोठा धोका अधिवास नष्ट होण्याचा आहे. तळ्याचा उथळ, ऋतूनुसार भरणारा व ओसरणारा काठ ही त्याची जागा असते. काठाला दगडी किंवा काँक्रीटची भिंत बांधली, भराव टाकला अथवा सांडपाणी सोडले की पाणी शिल्लक राहूनही हा काठ नाहीसा होतो. कोल्हापूर शहरातील कपिलतीर्थ व वरुणतीर्थ ही तळी बुजवली गेली आणि त्यांची नावे आता मंडई व मैदानाच्या इतिहासात उरली आहेत. शहराच्या दक्षिणेस, कात्यायनीच्या डोंगरातून पाणी मिळणारा संस्थानकालीन कळंबा तलाव आणि रंकाळा यांसारख्या जलाशयांच्या भोवती वस्ती वाढली आहे. अशा तलावांचे संवर्धन करताना पाणीसाठ्याबरोबरच काठावरील वनस्पतींचाही विचार होणे पर्यावरणाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

दुसरा धोका संकराचा आहे. शेताजवळील रानभाताशी लागवडीच्या भाताचे परागीभवन होऊन मूळ गुण पातळ होतात. याउलट, रानभाताचे गुण शेतात शिरले की दाणे गळणारे तण तयार होते. छत्तीसगडमध्ये अशा तणाला ‘करगा’ म्हणतात.

कटक येथील राष्ट्रीय भात संशोधन संस्था (स्थापना १९४६) आणि नवी दिल्लीतील राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्यूरो या संस्था भाताच्या वाणांचे व रानटी नातलगांचे नमुने जतन करतात. शीतगृहातील बियाणे सुरक्षित राहते, परंतु नव्या रोगांशी व बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याची त्याची प्रक्रिया तेथे थांबते. ती चालू राहण्यासाठी रानभात त्याच्या मूळ पाणथळ जागीच वाढत राहणे आवश्यक असते. खाण्यासाठी वेचणी करतानाही काही लोंब्या काठावर राखून ठेवल्यास पुढील हंगामासाठी बी शिल्लक राहते.