चाक धुणारा हात



हमरस्त्याजवळच्या काही गावांत सध्या गटाच्या बैठकीत एक विषय निघतो: वॉशिंग सेंटर टाकायचं. जागा आहे, बोअरला पाणी आहे, गाड्यांची ये-जा आहे. मग हिशोब मांडला जातो. पंप, पाइप, शेड, शाम्पू असे आकडे येतात आणि ब्रश, फडकी, हातमोजे यांच्यापुढे एकच शब्द पडतो, 'किरकोळ'. आज त्या किरकोळ रकान्याचाच इतिहास सांगणार आहे. गाडी धुण्यात सगळ्यात मळकं काम चाकाचं. ते कशानं घासायचं, हे ठरवताना लोकांनी फार वर्षं चाकाचाच विचार केला. घासणाऱ्या हाताचा आणि छातीचा विचार खूप उशिरा आला.

आपल्या बैलगाडीच्या चाकाला हा प्रश्नच नव्हता. गाडी ओढ्यातून गेली की अर्धा चिखल तिथंच सुटायचा. उलट उन्हाळ्यात लाकूड आटलं, आरे खिळखिळे झाले, लोखंडी धाव सैल पडली की चाक मुद्दाम पाण्यात भिजत ठेवायचे. घासायला नारळाची शेंडी किंवा गोणपाटाचा तुकडा पुरे व्हायचा. हाताला वंगण लागलं तर राखेनं चोळायचं. मळ म्हणजे माती, शेण आणि वंगण. धुतलं की गेलं.

तिकडे युरोपात श्रीमंतांच्या घोडागाड्यांना मात्र रंग आणि चकचकीत व्हार्निश असायचं. ती गाडी धुणं हे शिकायचं काम होतं. चाक जरा उचलून हातानं फिरवायचं, आऱ्यांच्या मधे लांबट ब्रश घालायचा, मग स्पंज, शेवटी मऊ चामड्यानं पुसणं. चाकाचा स्पंज गाडीच्या अंगाला लावायचा नाही, कारण त्यात वाळूचा एखादा कण राहिला तरी व्हार्निशवर ओरखडा उठतो. चाकाची बादली वेगळी ठेवायची रीत ही इतकी जुनी आहे. पण ती रीत मालकाच्या रंगासाठी होती.

मग मोटार आली, आणि चाकावरचा मळच बदलला. त्याची सुरुवात एका बाईपासून सांगता येते. 1888 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ या बाईंनी नवऱ्याला न सांगता त्यानं बनवलेली मोटार बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फॉर्टझ्हाइमला, आपल्या माहेरी, निघाल्या. सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी चोंदली, ती त्यांनी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. उतारावर लाकडी ब्रेक झिजायला लागले, तेव्हा एका गावात चांभाराकडून त्यांवर चामड्याच्या पट्ट्या ठोकून घेतल्या. ब्रेकचं पहिलं लायनर ते हेच, असं मानतात. मला या गोष्टीतली पिन जास्त आवडते, पण आपल्या कामाचं आहे ते चामडं. ब्रेक म्हणजे काहीतरी घासून चाक थांबवायचं. जे घासतं ते झिजतं, आणि झिजलेलं चाकावर बसतं.

चामडं झिजलं तर त्याची भुकटी होणार, त्यात फारसं भय नाही. पण मोटारी जड झाल्या, वेग वाढला, ब्रेक तापायला लागले आणि चामडं जळायला लागलं. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं ब्रेकच्या लायनरचाच धंदा काढला आणि 1908 च्या सुमारास त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आणलं. अ‍ॅस्बेस्टॉस आपल्याला पत्र्यामुळे माहीत आहे, सिमेंटचा पत्रा म्हणतो तो. मुळात तो दगड आहे, पण त्याचे तंतू निघतात, कापसासारखे कातता येतात, आणि ते जळत नाहीत. ब्रेकला यापेक्षा चांगलं काय मिळणार? जगभर तेच चाललं.

यानंतर 1924 साल लक्षात ठेवा. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या लिआँच्या शर्यतीत बुगाट्टी कंपनीनं ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांची गाडी उतरवली. आज आपण जिला अलॉय म्हणतो, त्या चाकाची ही आजीच. त्याआधी मार्च महिन्यात इंग्लंडच्या रॉचडेल गावात नेली कर्शॉ नावाची कामगार बाई वारली. वय 33. कोवळ्या वयात गिरणीत लागलेली, पुढे अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू कातण्याचं काम करणारी. डॉक्टरांनी तिची फुप्फुसं तपासली, तर त्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे कण रुतलेले. मालकांनी जबाबदारी नाकारली, भरपाई दिली नाही, आणि तिला नावाचा दगडही नसलेल्या थडग्यात पुरलं. तिच्या मृत्यूवरचा लेख डॉक्टरांच्या मासिकात आला, पुढे सरकारी चौकशी झाली आणि 1931 मध्ये इंग्लंडनं कारखान्यांतल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीसाठी नियम केले.

नियम कारखान्यांना होते. गॅरेजला नव्हते, आणि घराला तर नव्हतेच. घराचं का म्हणते, ते ऐका. 1965 मध्ये लंडनमधल्या म्युरिअल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्पसन या दोघींनी छातीच्या आवरणाच्या एका दुर्मीळ कॅन्सरचे रुग्ण तपासले. काही रुग्ण कारखान्याच्या जवळपासही कामाला नव्हते. त्यांच्या घरातलं कुणीतरी तिथे कामाला होतं, आणि बहुतेक वेळा गोष्ट एकच निघाली: बायको नवऱ्याचे कामाचे कपडे घरी धुवायची. झटकायची, भिजवायची, घासायची. तेवढ्यानं.

गॅरेजकडे लक्ष जायला 1970 चं दशक उजाडलं. मिस्त्री ब्रेकचा ड्रम उघडायचा, आतली भुकटी हवेच्या नळीनं फुंकायचा नाहीतर सुक्या ब्रशानं झाडायचा. आपल्याकडे आजही हे दृश्य नवं नाही. घर्षणाच्या उष्णतेनं त्या धुळीतला बराचसा तंतू मोडतो, पण सगळा नाही. अमेरिकेत 1994 च्या नियमांत ब्रेकच्या कामासाठी ओल्या पद्धतीची सोय झाली, म्हणजे आधी भिजवायचं आणि मग पुसायचं, आणि त्या कामात सुका ब्रश मारायला मनाई झाली. इंग्लंडनं 1999 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवरच बंदी आणली. अमेरिकेनं 2024 मध्ये, एवढ्या उशिरा. आपल्या देशात अजून पूर्ण बंदी नाही.

आता घाबरून वॉशिंग सेंटरचा विचार सोडा, असं मी म्हणत नाही. रिम बाहेरून धुणारीपेक्षा ड्रम उघडणाऱ्या मिस्त्रीला धोका पुष्कळ जास्त, आणि आजच्या नव्या गाड्यांचे पॅड बहुतेक अ‍ॅस्बेस्टॉसविना असतात. पण गाडीत नंतर कुठले पॅड बसवलेत, हे रिमकडे बघून कुणालाच कळत नाही. आणि अ‍ॅस्बेस्टॉस नसलं तरी त्या काळ्या भुकटीत लोखंड, तांबं आणि इतर धातूंचे बारीक कण असतात. ते छातीत न गेलेलेच बरे. म्हणून सुक्या चाकावर सुका ब्रश नाही, हवेचा फवारा नाही. ब्रश लावण्याआधी साध्या नळीनं, हलक्या धारेनं चाक पूर्ण भिजवायचं. प्रेशर पंपाची जोरदार धार थेट सुक्या चाकावर मारली तर तीच भुकटी तुषारांबरोबर तोंडावर येते.

दुसरा धोका अलॉय चाकांबरोबर आला. लोखंडी रिमवर बहुधा झाकण असायचं, मळ दिसत नव्हता. अलॉय ही दाखवायची वस्तू. तिच्यावर ब्रेकची भुकटी भाजून बसते, साबणानं निघत नाही. मग बाजारात अ‍ॅसिडची द्रावणं आली. शिंपडा, थोडं थांबा, चाक पांढरं. त्यातल्या काहींत हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं, काहींत अमोनियम बायफ्लोराइड. हे अ‍ॅसिड फसवं आहे. संडास धुवायचं अ‍ॅसिड लगेच चुरचुरतं, म्हणून आपण हात लगेच धुतो. हे सौम्य असलं तर लागल्याचं कळतही नाही. काही तासांनी आतून ठणका सुरू होतो. तोवर ते कातडीखाली उतरून शरीरातल्या कॅल्शियमला धरतं, पार हाडापर्यंत जातं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात 2001 ते 2013 या काळात गाड्या धुणाऱ्या कामगारांच्या अशा भाजण्याच्या 48 घटना नोंदल्या गेल्या. ही फक्त सरकारदरबारी नोंद झालेली.

दुकानदार बिननावाच्या कॅनमधून 'अलॉयचं लिक्विड' देत असेल तर घेऊ नका. लेबल नाही, तर माल नाही. लेबलवर वर सांगितलेल्या दोन नावांपैकी एक असेल तरी नको. चुकून असं काही हाताला लागलंच, तर दुखण्याची वाट बघू नका. भरपूर वाहत्या पाण्यात हात धरा आणि लगेच दवाखाना गाठा. लेबल सोबत न्या. यावर कॅल्शियमचा वेगळा लेप लागतो, डॉक्टरांना अ‍ॅसिडचं नाव कळलं तर वेळ वाचतो.

राहिला ब्रश. पूर्वी ब्रश डुकराच्या किंवा घोड्याच्या केसांचे असत. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या दाढीच्या ब्रशांमुळे माणसांना काळपुळी झाल्याच्या घटना आहेत, म्हणजे जनावरांची फाशी. 1938 मध्ये नायलॉनच्या केसांचा दात घासायचा ब्रश अमेरिकेत विकायला आला आणि हळूहळू सगळेच ब्रश बदलले. तारेची घासणी आणि तारेचा ब्रश मात्र स्वयंपाकघरातून आणि वेल्डिंगच्या दुकानातून चाकापर्यंत आले, ते तिथून घालवायला हवेत. अलॉयवर पारदर्शक थर असतो. तारेनं तो ओरखडला की आत पाणी शिरून चाक डागाळतं, आणि भरपाई गटाच्या खिशातून जाते. तारेचं तुटलेलं टोक उडून डोळ्यात गेलं तर तो खर्च वेगळाच.

मग घ्यायचं काय? मऊ नायलॉनचा, लांब दांड्याचा ब्रश, म्हणजे बोटं रिमच्या धारदार कडांत जात नाहीत. दांड्याची धातूची टोकं रबरानं झाकलेली आहेत का, हे दुकानातच बघा. आऱ्यांच्या मधे जाणारा एक बारीक ब्रश. काथ्याचा ब्रश टायरच्या रबरापुरता ठेवा, रिमला लावू नका. कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे घ्या, केस रंगवायच्या पाकिटातले पातळ नकोत. डोळ्यांना चष्मा. चाकाची बादली आणि फडकी वेगळ्या रंगाची, त्या जुन्या घोडागाडीवाल्यांसारखी. आणि नुकतीच घाटातून उतरलेली गाडी लगेच धुवायला घेऊ नका, रिम आणि ब्रेक तापलेले असतात. गिऱ्हाइकाला चहा पाजा.

पाण्याचंही बघा. ब्रेकच्या धुळीतलं तांबं पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जातं आणि माशांना बाधतं, म्हणून कॅलिफोर्नियानं 2010 मध्ये पॅडमधलं तांबं कमी करण्याचा कायदा केला. आपल्या सेंटरचं काळं पाणी विहिरीकडे किंवा भाजीच्या वाफ्याकडे उतरतंय का, हे जागा ठरवतानाच पाहायला हवं. गाळ खाली बसेल असा एक हौद वाटेत बांधून घ्या, आणि गाळ ओला असतानाच उपसा.

कामाची साडी किंवा ड्रेस, वरचा एप्रन आणि फडकी सेंटरवरच भिजवून तिथंच धुवा. घरच्या धुण्यात, लेकरांच्या कपड्यांबरोबर नकोत. एप्रन झटकू नका, भिजवा. हिशोबाच्या वहीत त्यासाठी एक टब आणि एक दोरी लिहून ठेवा.