बस नंबर ३ कुठे गेली?

गेल्या पावसाळ्यात लॅबच्या सर्व्हरमध्ये मी एक जास्तीचं ग्राफिक्स कार्ड बसवलं. मशीन सुरू झालं, पण नेटवर्क गायब! अर्धा दिवस केबल तपासण्यात गेला. मग कळलं, नेटवर्क कार्डाचं नावच बदललं होतं. काल ‘ईएनपी३एस०’, आज ‘ईएनपी४एस०’. त्यातला ३ हा बस क्रमांक. (बस म्हणजे एसटी नव्हे, प्रोसेसरला कार्डांशी जोडणारा मार्ग.) मग तो बदलला कसा?

त्यासाठी १९९२ मध्ये जावं लागतं. त्याआधीच्या आयएसए कार्डांवर बऱ्याचदा हाताने जंपर लावून पत्ता ठरवावा लागे. दोन कार्डांनी एकच पत्ता धरला, की भांडण. १९९२ मध्ये इंटेलने पीसीआय बस आणली आणि हे काम सॉफ्टवेअरकडे गेलं. बस क्रमांकाला ८ बिट, म्हणजे जास्तीत जास्त २५६ बस. प्रत्येक बसवर ३२ उपकरणांची सोय.

मोजणी बस ० पासून सुरू होते. प्रत्येक जागी ‘कोण आहे?’ असं विचारायचं. कुणी नसेल तर उत्तरात सगळे बिट १ येतात. ब्रिज, म्हणजे पूल, सापडला की पलीकडच्या बसला पुढचा क्रमांक द्यायचा आणि आधी तिकडेच शिरायचं. पुलावर तीन आकडे लिहितात: अलीकडची बस, पलीकडची बस आणि पलीकडचा सगळ्यात मोठा क्रमांक. हा तिसरा आकडा शेवटपर्यंत जाऊन आल्याशिवाय कळणार कसा? म्हणून तात्पुरता २५५ लिहायचा आणि परतताना खरा आकडा भरायचा. मला ही युक्ती फार आवडते!

साध्या पीसीवर ही मोजणी आधी फर्मवेअर करतं. लिनक्स कर्नल सहसा तेच क्रमांक पुढे चालवतो.

आता गंमत बघा. लिनक्समध्ये पूर्वी नेटवर्क कार्डांना सापडतील त्या क्रमाने ‘ईटीएच०’, ‘ईटीएच१’ अशी नावं मिळत. हा क्रम बेभरवशाचा, म्हणून २०१३ मध्ये सिस्टमडीने जागेवरून नाव देण्याची पद्धत आणली. पण त्या ‘जागे’तला बस क्रमांक तरी काय? तोही सापडण्याचाच क्रम! माझं नवं कार्ड वाटेत आधी लागलं, त्याच्या पुलाने एक क्रमांक घेतला आणि पुढचे सगळे एकाने सरकले.

आता मी सेटिंग नावाऐवजी कार्डाच्या मॅक पत्त्याला बांधलंय. पत्ता वाटणारी गोष्ट कधीकधी नुसता रांगेतला नंबर असते, हे मात्र चांगलंच लक्षात राहिलं.