बाप्पूंचा धूमकेतू

मंडळी, धूमकेतू आणि उल्का यांत आपण नेहमी गल्लत करतो. उल्का म्हणजे आपल्या वातावरणात शिरून जळणारा कण, पापणी लवेपर्यंत संपला. धूमकेतू हा सूर्याभोवती फिरणारा बर्फ-धुळीचा गोळा. तो रात्रीमागून रात्र ताऱ्यांमधून सरकतो, म्हणून शोधता येतो. जुलै १९४९मध्ये हार्वर्डला शिकणाऱ्या वेणू बाप्पूंना छायाचित्राच्या काचेवर असा एक सापडला. प्राध्यापक बोक आणि सहकारी न्यूकर्क यांनी खात्री केली. नाव पडलं बाप्पू-बोक-न्यूकर्क. धूमकेतूला अपशकुनी म्हणणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगतो. त्याच बाप्पूंनी पुढे बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था उभी केली. कोरमंगलात ती आजही आहे. धूमकेतू परतायला मात्र हजारो वर्षं लागतील.