मृत्यूच्या कारणाचा रकाना

कवीला आकड्यांशी काय कर्तव्य, असं तुम्ही म्हणाल. पण काही आकडे मला शोकगीतासारखे वाटतात. पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीन या वस्तीचे तीन आकडे पाहा: 45, 26 आणि 16. एडविन चॅडविक यांनी 1842 साली मजूरवर्गाच्या आरोग्याविषयी अहवाल प्रसिद्ध केला. त्यात या वस्तीतल्या मृतांचं सरासरी वय दिलं होतं. सुखवस्तू लोकांचं 45, दुकानदारांचं 26 आणि मजूर-कारागिरांचं 16.

मजूर सोळाव्या वर्षी मरत, असा याचा अर्थ नव्हे. तान्ही मुलं इतकी दगावत की सरासरीच खाली येई. गोवर, डांग्या खोकला, अतिसार मुलांना नेत; जगली-वाचली त्यांना पुढे क्षय आणि टायफस गाठत. रेशीम विणणाऱ्यांची ही वस्ती. कोंदट खोल्या, तुंबलेली गटारं. डॉ. हेक्टर गॅव्हिन यांनी गल्लीगल्लीतून हिंडून 1848 मध्ये हे सारं लिहून ठेवलं.

इंग्लंडमध्ये 1837 पासून जन्ममृत्यूची सरकारी नोंद होऊ लागली होती. त्यात मृत्यूच्या कारणाचा एक रकाना होता. तिथं ‘अतिसार’ लिहिलं जाई. अतिसार कशानं झाला, हे कोण लिहिणार? त्या नोंदींमागचं वाचणारा माणूस म्हणजे विल्यम फार. 1839 पासून ते निबंधक कार्यालयात हेच काम करीत.

1866 च्या उन्हाळ्यात पूर्व लंडनमध्ये पटकी पसरली. साडेपाच हजारांवर माणसं गेली. शहरात इतरत्र नवी भुयारी गटारं सुरू झाली होती. इथलं काम अजून पुरं व्हायचं होतं. पूर्वी फार यांचा भर दूषित हवेवर असे. या वेळी त्यांनी मृत्यूच्या नोंदींशेजारी पाणीपुरवठ्याची माहिती ठेवून पाहिली. मृत्यू एकाच कंपनीच्या पाण्यामागून चालले होते! न गाळलेला थेंबही आम्ही दिलेला नाही, असं कंपनीचं म्हणणं. पण ग्राहकांच्या नळांत ईल मासे निघाले होते. ओल्ड फोर्डच्या उघड्या तलावातलं पाणी न गाळताच वस्तीत गेल्याचं चौकशीत उघड झालं.

मृत्यूचं कारण डॉक्टर एका शब्दात लिहितो. त्या शब्दाशेजारी मेलेल्या माणसाचा पत्ता आणि त्याचा धंदा ठेवून कुणी वाचलं, तरच जबाबदार कोण ते कळतं. बेथनल ग्रीनच्या गरिबांसाठी ते वाचायला निदान एक माणूस बसला होता.