मानमोडी, फ्लू आणि आमच्या दारातला तांब्या



वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाचे ठरले तेव्हा चिटणीसबाईंनी मला एखादी पाककृती लिहावयास सांगितले होते. पाककृती लिहिणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले, लिहिण्याची सवय वाण्याच्या यादीपुरती. तरीपण एक गोष्ट बरीच वर्षे मनात आहे, ती सांगते. चूकभूल द्यावी घ्यावी.

आमच्या घरी स्वच्छतेचे तीन पंथ आहेत. पहिला सासूबाईंचा. दारात पाण्याने भरलेला तांब्या हवाच. पाय धुतल्यावाचून कोणी उंबरठा ओलांडायचा नाही. पाणी प्यायचे ते वरून, भांडे ओठाला न लावता. पण खोकला आला की त्या ओंजळीत खोकतील आणि त्याच हाताने नातवाच्या गालावरून हात फिरवतील. दुसरा पंथ मुलीचा. हाताला चोळायच्या औषधाची बाटली सदा पर्समध्ये, पण लोकलमधून आणलेली पर्स थेट गादीवर. तिसरी मी, दोघींना हसणारी. माझे वागणे मात्र दोघींहून वाईट ठरले, ते पुढे येईल.

सासूबाई मानमोडीच्या गोष्टी सांगतात. त्या त्यांनी आपल्या आजीकडून ऐकलेल्या. "माणूस सकाळी विहिरीवर गेला तो संध्याकाळी उठला नाही," असे त्या म्हणत, तेव्हा मला ती म्हातारपणची अतिशयोक्ती वाटे. पुढे मुलीने ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून (ही संस्था १८९३ सालची) काही पुस्तके आणली. दुपारच्या वेळी ती वाची आणि मी तांदूळ निवडत ऐके. मानमोडी म्हणजे १९१८ सालचा फ्लू, हे मला तेव्हा कळले.

पण त्या आधी प्लेगबद्दल सांगितले पाहिजे, कारण लोकांच्या मनात भीती बसली ती तेव्हापासून. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. माणसे गावाकडे पळू लागली. रेल्वे आपल्या ठाण्यावरूनच जाणारी. पुढे कल्याण स्थानकावर उतारूंची तपासणी होऊ लागली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यात रँडसाहेबाच्या अमलात गोरे सोल्जर घरात शिरत ते थेट देवघरापर्यंत. आजारी माणूस उचलून नेत, सामान बाहेर काढून जाळीत. २२ जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण सर्वजणी शाळेत शिकलो. शाळेत मनावर ठसले नाही ते असे की, लोक आजारी माणसे लपवू लागले होते. ताप आलेल्या सुनेला माळ्यावर किंवा फडताळात दडवायचे, मग तिला औषधपाणी कुठले?

आणि गंमत अशी की, प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे त्या वेळी साहेबालाही नीट ठाऊक नव्हते. उलट आपल्या खेड्यांतून उंदीर पडू लागले की घर सोडून रानात झोपड्या घालून राहायची रीत होती. त्या अडाणी म्हणवलेल्या माणसांना कारण सांगता आले नसते, पण उपाय बरोबर होता.

त्याच साथीत सावित्रीबाई फुले पुण्याजवळ आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात रोगी नेत होत्या. त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्यापासून कोणी आपले आजारी माणूस लपवले असेल असे मला वाटत नाही.

आता मानमोडी. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. ती पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली, ती मात्र काळ होऊन. ६ ऑक्टोबर या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे गेली. साऱ्या हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या वर माणसे दगावली असे मानतात. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता. पोटात अन्न नाही आणि अंगात ताप. फ्लूचा विषाणू माणसात सापडला तो १९३३ साली, म्हणजे डॉक्टरसुद्धा अंधारातच चाचपडत होते. गर्दी टाळा, मोकळ्या हवेत निजा, असा उपदेश होई. उपदेश योग्यच होता. पण चाळीत एका खोलीत दहा माणसे निजतात, त्यांनी कोणते अंगण शोधायचे? मुंबईत युरोपियन लोकांत मृत्यूचे प्रमाण हजारी आठ, तर अस्पृश्य मानलेल्या जातींत हजारी एकसष्ट होते. सोवळे पाळणाऱ्यांनी ज्यांना लांब ठेवले त्यांच्या वाट्याला स्वच्छ पाणीही लांबच होते. हा आकडा मुलीने वाचला तेव्हा मी तांदळाचे सूप खाली ठेवले.

आपल्याकडे पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. आजाऱ्याच्या उशाशी बसणारी बाईच, आणि शेवटी उरलेसुरले खाणारीही बाईच, हे त्याचे एक कारण सांगतात.

पुढच्या काळात गाडगेबाबा गावोगाव फिरले. आधी स्वतः खराटा घेऊन गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तन. सोल्जरही घर साफ करायलाच आले होते आणि बाबाही साफच करीत. पण बाबांच्या मागे लोक आपणहून खराटे घेऊन निघाले.

आता माझी गोष्ट. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला. विषाणू १९१८ सालच्याच जातीचा, एच१एन१. लोक तोंडाला रुमाल बांधू लागले, कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या हुंगू लागले. आमचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा. त्याला ताप भरला. मला वाटले, कळले तर त्याला नेऊन वेगळे ठेवतील आणि आळीत आमच्या दारावरून कोणी जाणार नाही. मी सगळ्यांना सांगितले, पावसात भिजला आहे. सासूबाईंनाही तेच सांगितले. त्या रात्रंदिवस त्याला मांडीवर घेऊन बसल्या. मुलगा पाच दिवसांत खेळू लागला आणि सासूबाई अंथरुणाला खिळल्या. तो कुठला फ्लू होता, तपासलाच नाही, कारण मीच तपासू दिला नाही. शेजारच्या वहिनी दुसऱ्या दिवशी आल्या, त्यांनाही मी उंबऱ्यावरूनच परतवले. सासूबाई वाचल्या, पण चालत्याफिरत्या व्हायला दिवाळी आली. एकशेबारा वर्षांपूर्वीच्या त्या पुणेकर बायका सुनांना माळ्यावर दडवीत, आणि मी माजिवड्याला भर वस्तीत तेच केले. मला तर कोणी सोल्जरही विचारायला आला नव्हता.

दिवाळीत करंज्या करताना मी त्यांना खरे सांगितले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला सांगितलं असतंस तरी मी त्याला मांडीवर घेतलंच असतं. पण तोंडाला पदर तरी बांधला असता."

२०२० साली करोना आला आणि तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू झाला. बाळकुमला मोठे रुग्णालय उभे राहिले. आमच्या आळीत बांबू बांधले गेले. त्या खेपेस आमच्याकडे ह्यांना ताप आला, तेव्हा मी पहिल्याच दिवशी खिडकीतून वहिनींना सांगितले. त्यांनी चौदा दिवस दारात भाजी ठेवली आणि लांबूनच हाक मारून गेल्या. लस आली तेव्हा सासूबाई मुळीच ऐकेनात. मुलीने मोबाइलवर किती माहिती दाखवली! शेवटी आमच्याकडे नेहमी येऊन चहा घेणाऱ्या आशाताईंनी एकदा सांगितले आणि सासूबाई लुगडे बदलून निघाल्या.

आता तांब्याशेजारी साबणाची वडी असते. विषाणूभोवती चरबीचे पातळ आवरण असते, साबणाने ते फुटते, असे मुलीने समजावून सांगितले. "म्हणजे तुपाच्या भांड्यासारखंच," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांना ते पटले. ओंजळीत खोकायची सवय मात्र गेलेली नाही. खोकून झाले की त्या माझ्याकडे पाहतात, मी काही बोलत नाही, आणि मग त्या मोरीकडे जातात.